मदत हवी आहे: गेमवर केलेला सराव खऱ्या ट्रकला कितपत उपयोगी पडतो?

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ भोसरीला हेवी गाडी शिकतोय. घरी रोज तासभर 'युरो ट्रक सिम्युलेटर २' खेळतो, लॉजिटेक जी२९ स्टिअरिंगवर. गेम २०१२चा, पण इंग्लंडचे रस्ते घेतले की आपल्यासारखं डावीकडून चालवता येतं. आरशात बघून ट्रेलर मागे घ्यायला त्याचा हात खरंच बसलाय. वळताना मागची चाकं आतून कापतात, हे मलाही त्याच्यामुळेच कळलं.

काळजी वाटते ती उताराची. शिवाय हे स्टिअरिंग ९०० अंशच, म्हणजे अडीच फेरेच फिरतं, खऱ्या ट्रकचं त्याहून जास्त. आणि कात्रज घाटात भरलेली गाडी गिअरवर उतरवताना मागून येणारा रेटा टेबलाशी बसून कसा कळणार?

सिम्युलेटरवर शिकून पुढे ट्रक किंवा बस चालवलेलं कुणी आहे का? कोणती सवय मोडावी लागली? पुण्यात हलत्या सीटचा सिम्युलेटर कुठे मिळेल, तेही कृपया सांगा.