गॉडझिला नव्याने घडवताना नेमकं काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही?

रात्रपाळी

1998चा हॉलिवूडचा गॉडझिला डिझाइन म्हणून चांगलाच होता, लोकांनी उगाच झोडपला, असं हल्ली बरेच जण म्हणायला लागलेत. मला ते अजिबात पटत नाही म्हणून हा धागा काढतोय. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सिनेमा रोलंड एमरिकचा, डिझाइन पॅट्रिक टाटोपोलसचं. फ्रेंचांनी पॉलिनेशियात अणुचाचण्या केल्या, त्यातून एक इग्वाना वाढून अवाढव्य झाला आणि थेट न्यूयॉर्कला आला. पाठ आडवी, शेपूट हवेत, लांबलचक पाय, पुढे आलेली हनुवटी. हेलिकॉप्टरं मागे लागली की बिल्डिंगांच्या आडून निसटतो, मासे खातो, मॅडिसन स्क्वेअर गार्डन या इनडोअर स्टेडियममध्ये अंडी घालतो आणि शेवटी ब्रुकलिन ब्रिजच्या केबल्समध्ये अडकून मिसाइल लागून मरतो.

आता 1954चा मूळ जपानी सिनेमा बघा. त्याच वर्षी 1 मार्चला अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिची राख जपानी मासेमारी बोटीवर पडली, तिच्यावरचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये दगावला, आणि नोव्हेंबरमध्ये हा सिनेमा थिएटरात. लोकांच्या मनात सगळं ताजं होतं. त्या गॉडझिलाच्या अंगावर सरड्यासारखे खवले नाहीत, भाजलेली जखम भरून आल्यावर कातडीला जशा गाठी आणि वळ येतात तशी कातडी आहे. हिरोशिमातून वाचलेल्या लोकांच्या अंगावर असेच व्रण होते आणि बघणाऱ्याला ते सांगायची गरज नव्हती. म्हणजे तो नुसता बॉम्बमुळे जागा झालेला प्राणी नाही, तो स्वतः बॉम्बने भाजलेला आहे.

माझं म्हणणं एवढंच की तोंड बदला, उंची बदला, पाठीवरचे काटे हवे तसे करा, पण ती भाजलेली कातडी आणि कशालाही न चुकवता सरळ चालत येणं या दोन गोष्टी काढल्या की उरतो तो दुसरा कुठला तरी मोठा प्राणी. 1998मध्ये नेमक्या याच दोन काढल्या.

बुरुज

पूर्ण असहमत. मूळ डिझाइन करणाऱ्यांनी काय केलं ते आधी बघा. आर्ट डायरेक्टर अकिरा वातानाबे यांनी टी-रेक्स आणि इग्वानोडॉन यांचं शरीर घेतलं, पाठीवर स्टेगोसॉरसच्या पाट्या लावल्या. त्या काळी पुस्तकात आणि म्युझियममध्ये डायनोसॉर असेच दाखवायचे, ताठ उभे, शेपूट जमिनीवर टेकलेली. म्हणजे 1954च्या लोकांनी त्यांच्या काळातलं सायन्स वापरलं. पुढे 70च्या दशकात संशोधकांचं मत बदललं, शरीर आडवं आणि शेपूट तोल सांभाळायला मागे वर, असं चित्र रूढ झालं. मग 1998मध्ये टाटोपोलसने आपल्या काळातलं सायन्स वापरलं तर तो गुन्हा कसा? मला तर तो मूळ पद्धतीलाच जास्त धरून वाटतो. आणि ताठ उभा राहणारा 50 मीटरचा प्राणी हा शेवटी रबराच्या सूटमध्ये माणूस घालावा लागायचा म्हणून तसा आहे, ती मजबुरी होती, तिचं तत्त्व कशाला करायचं?

रात्रपाळी

@बुरुज, मजबुरी होती हे मान्य, पण त्या मजबुरीतून जे निघालं ते बघा ना. पहिला सूट जवळपास 100 किलोचा होता, त्यात काँक्रीटचं मिश्रणसुद्धा वापरलेलं, सूटमधला नट हारुओ नाकाजिमा, त्याला त्यात धड पावलं टाकता येईनात म्हणून दुसरा जरा हलका बनवला. नाकाजिमा त्यासाठी उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं कशी चालतात ते बघत बसायचा. स्पेशल इफेक्ट्सवाले एइजी त्सुबुराया कॅमेरा जास्त वेगाने चालवायचे म्हणजे पडद्यावर हालचाल संथ आणि वजनदार दिसेल. एवढा खटाटोप कशासाठी? पाय उचलला की तो खाली यायला वेळ लागला पाहिजे आणि त्या वेळात खाली उभ्या असलेल्या माणसाला कळलं पाहिजे की आता काही करता येणार नाही. 1998चा गॉडझिला पळतो, लपतो, वळणं घेतो. जो लपतो त्याला भीती वाटते, आणि ज्याला भीती वाटते त्याची भीती आपल्याला कशी वाटणार?

मृण्मयी_

लपण्याबद्दल सहमत. आणि एक राहिलंच की, त्या सिनेमात अणुश्वास जवळजवळ काढूनच टाकला होता, नुसता फुंकर मारल्यासारखा प्रकार. तोंडातून निघणारा तो झोत हाच तर बॉम्ब आहे! तोच काढला तर मग उरलं काय.

ओढ्याकाठचा

सगळे 1954चं सोवळं करून ठेवताय म्हणून बोलतो. मूळ सिनेमा काढणाऱ्या तोहो स्टुडिओने स्वतः काय काय केलंय? 1962मध्ये किंग काँगशी लढाई लावली तेव्हा कान काढून टाकले, पायाची बोटं चाराची तीन केली. 1967मध्ये त्याला मुलगा दिला आणि त्या सिनेमात तोंड एवढं गोल नि डोळे एवढे मोठे की पोरांना खेळण्यासारखा वाटावा. 70च्या दशकात तर तो पृथ्वी वाचवणारा हीरो झाला, बाकीच्या राक्षसांना बडवायला यायचा. तेव्हा भाजलेली कातडी कुठे गेली होती? तेव्हा लहान असलेल्या जपानी पोरांचा गॉडझिला तोच आहे, आणि त्यांचं प्रेम खोटं नाही. जपान्यांनी बदलला की परंपरा आणि अमेरिकनांनी बदलला की भ्रष्टाचार, हे मला पटत नाही.

रात्रपाळी

@ओढ्याकाठचा, मुद्दा चांगला आहे आणि मी अमेरिकन-जपानी असा भेद करत नाहीये. 2014चा गॅरेथ एडवर्ड्सचा अमेरिकनच, 108 मीटर उंच, जपानमध्ये लोक म्हणाले फार जाड झालाय, पण मला तो आवडतो. तोंड करताना त्यांनी अस्वल, कुत्रा, गरुड असे प्राणी बघितले होते, तरी पाय हत्तीसारखे जड ठेवले आणि पाण्यातून वर येताना जो वेळ घेतलाय तो बघण्यासारखा आहे. याउलट 2024च्या सिनेमात त्याच गॉडझिलाला बारीक केलं, पाठ गुलाबी केली आणि काँगच्या बरोबरीने धावायला लावलं, ते मला नाही झेपलं. आणि 70च्या दशकातल्या मुलांच्या गॉडझिलाबद्दल म्हणशील तर मेकर्सनी अर्थ बदलला म्हणून शरीर बदललं, गोंडस राक्षस हवा होता, गोंडस बनवला. 1998वाल्यांना तर भीतीदायकच हवा होता, आणि तरी भीती ज्यातून येते तेच काढून टाकलं.

कोरडवाहू

मग किंग काँगचं काय? 1933चा काँग म्हणजे 18 इंचांचा धातूचा सांगाडा, वर सशाची फर, विलिस ओब्रायन एकेक फ्रेम हलवायचा. तो गोरिला वाटतच नाही खरं तर, सरळ दोन पायांवर चालतो, काहीतरी माणूस आणि माकड यांच्या मधलं. 2005मध्ये पीटर जॅक्सनने त्याला पूर्णपणे खरा सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठीवर रुपेरी केस आलेला मोठा नर गोरिला केला, मुठींवर चालणारा, म्हातारा, अंगावर जुने घाव, जबडा वाकडा. काँगचं काम करणाऱ्या अँडी सर्किस या नटाने त्यासाठी खऱ्या गोरिलांचा अभ्यास केला. म्हणजे रात्रपाळीच्या भाषेत राक्षसाचा प्राणी केला. आणि तो सगळ्यात रडवणारा काँग आहे, निदान माझ्यासाठी. मग प्राणी केला की वाट लागते हा नियम कुठून आला?

रात्रपाळी

@कोरडवाहू, हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. काँगची गोष्टच अशी आहे की एक जिवंत प्राणी त्याच्या बेटावर राजासारखा राहतोय, त्याला साखळ्या घालून शहरात आणलं आणि तमाशा मांडून मारलं. तो जितका खरा प्राणी वाटेल तितकी ती गोष्ट जास्त लागते. म्हणून जॅक्सनचा बदल बरोबर. गॉडझिलाची गोष्ट उलटी आहे, त्याला कोणी आणलेलं नाही, आपण जे केलं ते आपल्याकडे चालत येतंय. त्याला पोट भरायला मासे दिले, अंडी घालायला जागा दिली की मग तो आपला नाही, निसर्गाचा झाला, आणि आपण सुटलो. इथेच तर फरक आहे. 2017च्या काँगमध्ये त्यांनी त्याला परत 1933सारखा दोन पायांवर उभा केला आणि शंभर फुटांवर नेला, कारण पुढे गॉडझिलाशी लढवायचा होता. तिथेही गोष्टच शरीर ठरवतेय.

निशिकासाईकर

मी तोक्योत राहतो, आमच्या निशी-कासाईपासून युमेनोशिमा जवळच आहे, तिथे ती बोट ठेवलीय, दाइगो फुकुर्यू मारू. वर बिकिनीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. लाकडी बोट आहे, साधारण 30 मीटर लांब, एका हॉलमध्ये पूर्णच्या पूर्ण उभी केलेली, आजूबाजूने फिरता येतं. खालून बघितलं की फळ्यांचे सांधे दिसतात, रंग उडालेला, आणि वर मान करून बघावं लागतं एवढी मोठी वाटते, पण समुद्रात 23 माणसं घेऊन टूना पकडायला जाणारी म्हणून विचार केला तर फारच छोटी. हॉलमध्ये चाचणीबद्दलची माहितीही मांडलेली आहे. तिथून थेट शिंजुकूला गेलं तर काबुकिचोत थिएटरच्या गच्चीवर गॉडझिलाचं प्रचंड डोकं आहे, 2015मध्ये बसवलेलं, लोक फोटो काढतात, लहान मुलं खूश होतात. दोन्ही गोष्टी या एकाच शहरात सुखाने नांदतात. त्यामुळे ओढ्याकाठचा म्हणतो तेही मला पटतं, लोकांना एकाच वेळी दोन्ही गॉडझिला चालतात.

बुरुज

@निशिकासाईकर, मस्त लिहिलंस. पण मग रात्रपाळीने शिन गॉडझिलाचं काय ते सांगावं. 2016, हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची. त्यात तो पहिल्यांदा किनाऱ्यावर येतो तेव्हा उभासुद्धा राहत नाही! तोक्योच्या कामाता भागातून पोटावर सरपटतो, हात नाहीत, बटणासारखे गोल डोळे मिटतच नाहीत, गळ्याच्या कल्ल्यांमधून लाल पाणी सांडतं. ताठ चाल वगैरे काहीच नाही. आणि त्याला जपान अकॅडमीचं सर्वोत्कृष्ट सिनेमाचं बक्षीस मिळालं. 1998पेक्षा कितीतरी जास्त मोडतोड केलीय. ती का चालते?

रात्रपाळी

कारण तो मोडतोड होताना दिसतो. 2011चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा डोक्यात ठेवून केलेला सिनेमा आहे, तिथे आपत्ती एका रूपात येत नाही, तासातासाला बदलते आणि मंत्री मीटिंगा घेत बसतात. पुढे तो 118.5 मीटरचा होतो, उभा राहतो, कातडी काळी आणि तिच्या भेगांतून लाल दिसतं, निखाऱ्यासारखं. दात वेडेवाकडे. हात एवढेसे आणि तळवे वर, जवळजवळ निरुपयोगी. आणि संपूर्ण कम्प्युटरवर बनवला तरी चालीसाठी मान्साई नोमुरा या क्योगेन (जुनं जपानी विनोदी नाट्य) नटाची मोशन कॅप्चर घेतली, त्याच्या हालचाली कम्प्युटरमध्ये टिपल्या, म्हणजे शेकडो वर्षांच्या रंगभूमीची संथ चाल. @बुरुज, मी म्हटलं होतं त्या दोन्ही गोष्टी तिथे आहेत, भाजणं आणि चाल, आन्नोने फक्त त्या दोन्ही जास्तच ताणल्या. शेवटी शेपटीच्या टोकाला जे माणसांसारखे आकार दिसतात ते बघून मला रात्रभर झोप नव्हती.

मृण्मयी_

गॉडझिला मायनस वन या सिनेमाबद्दल कोणीच बोललं नाही? 2023, ताकाशी यामाझाकी. सगळ्यात जवळचा 1954ला. गोष्ट युद्धानंतर लगेचची, म्हणून उंची परत 50.1 मीटर. हे मला फार आवडलं, कारण 1954मध्ये तोक्योच्या गिंझा भागातल्या इमारतींच्या वर डोकं काढायला 50 मीटर पुरत होते, पुढे तोक्यो वाढलं तसा 1984मध्ये 80 केला, 1991मध्ये 100. शहराच्या मानाने मोजायचा असतो तो. आणि झोत सोडायच्या आधी पाठीचे काटे शेपटीकडून एकेक करून खटाखट बाहेर येतात, निळे होतात, आणि मग एकदम आत. बॉम्बचा ट्रिगर ओढल्यासारखं. त्यानंतर गिंझावर काळा पाऊस. डिझाइनमध्ये नवीन गोष्ट घातली तर अशी घालावी. 35 जणांच्या टीमने इफेक्ट्सचे 610 शॉट केले आणि व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर नेलं.

ओढ्याकाठचा

मायनस वन सुंदरच आहे, पण त्याचं यश बघून आता सगळे रिमेकवाले परत 1954कडे पळतील ही मला भीती वाटते. मला विचाराल तर सगळ्यात धाडसी बदल 2001चा. शुसुके कानेकोने फक्त बुबुळं काढून टाकली. पांढरे डोळे. त्या सिनेमात गॉडझिलामध्ये युद्धात मेलेल्यांचे आत्मे आहेत. बाकी शरीर बऱ्यापैकी ओळखीचं, तरी त्याच्याशी नजरानजर होत नाही म्हणून अंगावर काटा येतो. पुढच्या डिझायनरने कातडीच्या आधी डोळ्यांचा विचार करावा, तुम्ही सगळे डोळे विसरताय.

बुरुज

डोळे मान्य. आवाज पण डिझाइनमध्येच धरा मग, मूळ सिनेमाचे संगीतकार इफुकुबे यांनी राळ लावलेला कातडी हातमोजा कॉन्ट्राबासच्या तारांवर ओढून ती डरकाळी काढली, ती 1998मध्येही पूर्ण टाकून देता आली नाही. पण तरी सांगतो, आज मला कोणी आडव्या पाठीचा, पण भाजलेला, न पळणारा, अणुझोत टाकणारा गॉडझिला दिला तर मी पहिल्या दिवशी पहिल्या शोला जाईन. ताठ उभं राहणं हीच एक गोष्ट अजून कोणी मला पटवून दिलेली नाही.

रात्रपाळी

@बुरुज, माणूस ताठ उभा असतो म्हणून. 1954मध्ये तो पहिल्यांदा टेकडीमागून डोकं वर काढतो, तेव्हा आडव्या पाठीचा असता तर गावकऱ्यांना मोठं जनावर दिसलं असतं, मला वाटतं त्यांना त्यापेक्षा वेगळं काहीतरी दिसलं. पण असा आडवा, भाजलेला, न पळणारा कोणी बनवलाच तर तिकीट मीही काढेन, आणि मग इथेच पुढचा वाद घालू.