१९ हजार चाललेली घ्यावी की ६८ हजारांची फाईलवाली? जुनी झेड-४ घेण्याआधी मतं हवीत

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड

सोलापुरात वीस वर्षं टॉवेलचा कारखाना चालवला आणि यंदा पहिल्यांदा स्वतःच्या हौसेसाठी पैसे बाजूला काढलेत. दोन सीटची गाडी घ्यायची हे पक्कं आहे, त्यावर चर्चा नको. बीएमडब्ल्यू झेड-४, ३५आय. तीन लिटर, सरळ रांगेतले सहा सिलिंडर, दोन टर्बो, ३०६ हॉर्सपॉवर आणि बटण दाबलं की डिकीत घडी होऊन बसणारं कडक छप्पर. नवी परवडणारी नाही, म्हणून जुन्या दोन बघून आलो.

पहिली मुंबईची, २०१२ ची. मीटरवर १९,२०० किमी. रंगावर ओरखडा नाही. सर्व्हिसची बिलं २०१७ पर्यंतची आहेत, पुढची "शोधून देतो" म्हणाले, अजून आलेली नाहीत. दुसरी हैदराबादची, २०११ ची, एपी ०९ पासिंग, ६८,००० किमी. मालक पहिल्यापासून एकच, आणि गाडीबरोबर सर्व्हिसच्या बिलांची एक जाडजूड बॉक्स फाईल. मुंबईवालीची मागणी साडेतीन लाखांनी जास्त आहे.

घरी आणि कट्ट्यावर सगळे एका सुरात सांगतात, मुंबईचीच घे, इतकी कमी चाललेली परत मिळायची नाही. मला ते पटत नाही आणि त्याचं कारण माझ्या कारखान्यातच आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माग बंद होते. सुरू करायला गेलो तेव्हा ज्या मागांवर लॉकडाऊनच्या आदल्या आठवड्यापर्यंत तीन पाळ्या चालल्या होत्या, त्यांचेसुद्धा चामड्याचे पट्टे वाळून तडकलेले, फण्यांना गंज, तेलाच्या नळ्यांत मेण झाल्यासारखं तेल. एक पिक (आडवा धागा) न विणता माग म्हातारा झाला होता. तेव्हापासून उभ्या यंत्राचं मला कौतुक वाटत नाही. मी हैदराबादची घेणार आहे. कुठे चुकत असेन तर सांगा.

होटगी रोड

मालक, चुकताय. मागाची गोष्ट खरी, पण माग जागेवर उभा असतो. गाडी खड्ड्यातून जाते. ६८ हजार किलोमीटरमध्ये चाकाचं बेअरिंग जितकं फिरतं तितकंच झिजतं, बिल असो वा नसो. शॉकॲब्सॉर्बर, रबरी बुश, लिंक, ब्रेक डिस्क, सीटचा फोम, गिअरबॉक्सचे क्लच, टर्बोचा शाफ्ट हे सगळं वापराने संपतं. फाईल तुम्हाला काय बदललं ते सांगेल. काय बदलायचं राहिलंय ते सांगणार नाही.

आणि जाड फाईलचं एवढं काय? सिव्हिल हॉस्पिटलात ज्याची फाईल जाड तो पेशंट तब्येतीने चांगला असतो का? सगळ्या बिलांत ऑइल आणि फिल्टर असेल तर गोष्ट वेगळी. पण पंप, सेन्सर, परत पंप, परत सेन्सर असं असेल तर ती आजारी गाडी आहे, आणि मालक तिला कंटाळून विकतोय.

मी स्वतः एक फाईल बघून फसलो होतो. सेडान होती, स्पोर्ट्स कार नव्हे. दर दहा हजारांवर शिक्के, सह्या, सगळं नीट. नंतर नीट बघितलं तर तीन वर्षांचे शिक्के एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच दिवशी मारल्यासारखे. तोवर गाडी दारात उभी होती. कागद कोणीही तयार करतो. कमी चाललेलं इंजिन तयार करता येत नाही.

स्पॅनर एमएच १३

नमस्कार. तीस वर्षं गाड्यांखाली झोपून काढलीत म्हणून थोडं लांब लिहितो.

होटगी रोड साहेब, शेवटचं वाक्य तेवढं मागे घ्या. कमी चाललेलं इंजिन तयार करता येत नसेल, पण कमी चाललेलं मीटर तासाभरात तयार होतं. लॅपटॉप लावून मीटर मागे घेणारे गावोगावी आहेत. या गाडीत एक सोय आहे. किलोमीटरचा आकडा फक्त मीटरमध्ये नसतो, इतर कॉम्प्युटरमध्ये आणि चावीतही साठतो. स्कॅनर लावून सगळीकडचे आकडे जुळतात का बघायचं. दोन्ही चाव्या मागायच्या. दुसरी चावी "हरवली" म्हणाले की तिथेच थांबायचं.

आता इंजिनाचं. हे एन-५४ नावाचं इंजिन. त्याचे आजार जगजाहीर आहेत. हाय प्रेशर फ्युएल पंप, इंजेक्टर, विजेवर चालणारा वॉटर पंप, टर्बोच्या वेस्टगेटचा (जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा) खडखडाट, ऑइल फिल्टर हाउसिंगच्या गॅस्केटमधून गळती. फ्युएल पंपापायी २०१० साली अमेरिकेत कंपनीने गाड्या परत बोलावल्या होत्या, त्यात ही झेड-४ पण होती. शिवाय पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, व्हॉल्व्हवरून जात नाही, त्यामुळे व्हॉल्व्हवर काजळी धरते. अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या दाबाने मारून ती साफ करतात.

यातल्या किती गोष्टी किलोमीटरवर ठरतात? वेस्टगेट आणि काजळी, हो. गॅस्केट मात्र उष्णतेने आणि वयाने कडक होतं, ते १९ हजारांवरही गळेल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षांनी बदलायचंच, गाडी शेडमध्ये असली तरी. टायरही तसेच. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १९ हजार चाललेल्या गाडीला ३११२ लिहिलेले टायर निघाले तर नक्षी पूर्ण असूनही ते १२० च्या स्पीडला लाकडासारखे वागतील. म्हणजे मुंबईवालीचे टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, कूलंट, नळ्या हे घेतल्या दिवशी बदलायचं धरा. बॅटरी नवी टाकली की गाडीच्या कॉम्प्युटरला तसं कळवावं लागतं, नाहीतर ती जुनी समजूनच चार्ज करत राहतो. मागच्या माणसाने हे केलं की नाही हे बिलावरूनच कळतं.

तरीपण टॉवेलवाले मालक, तुम्ही फाईलच्या प्रेमात पडलात असं वाटतंय. जाडी बघू नका, एकेक कागद वाचा.

कन्ना चौक

मी विम्याच्या कामात आहे. वादात पडत नाही, पण सर्व्हिसबुकपेक्षा दोन कागद मला जास्त खरे वाटतात, ते मागून घ्या.

पहिला म्हणजे जुन्या पॉलिसी. नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, ओळीने पाच वर्षं क्लेम न घेतल्यावर ५० टक्क्यांवर जातो. मध्येच तो शून्यावर आलेला दिसला तर त्याच्या आदल्या वर्षी काहीतरी झालंय, बरेचदा ठोकलेली असते. दुसरा, पॉलिसी संपून खंड पडला असेल तर नवी देण्याआधी गाडीची पाहणी होते आणि त्यात मीटरचा फोटो काढतात, तारखेसकट. मीटर मागे घेणाऱ्यांच्या हे लक्षात राहत नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्यातली किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. तिथे फाईल उपयोगी पडते. पण उद्या विकायला काढाल तेव्हा समोरचा पहिला प्रश्न विचारेल, किती चाललीये? होटगी रोडवाल्यांचं म्हणणं बाजाराच्या दृष्टीने बरोबर आहे. ७५ हजारांची झेड-४ सोलापुरात कोण घेणार?

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड

विकायला घेत नाहीये ताई. त्यामुळे तो मुद्दा माझ्यापुरता बाजूला.

स्पॅनर मामांचं ऐकून काल रात्री फाईल टेबलावर पसरली (मालकाने प्रत्येक पानाचे फोटो पाठवलेत). प्रत्येक बिलावरचे किलोमीटर वहीत उतरवले. बहुतेक ठिकाणी वर्षाला पाच-सहा हजार, आणि ऑइल दरवर्षी, किलोमीटर पूर्ण झाले नसले तरी. वॉटर पंप एकदा, ५४ हजारांवर, पार्ट नंबरसकट. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. एका बिलाच्या मागे मालकाने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "डावीकडून वळताना टक् आवाज, दाखवला, लिंक बदलली, गेला." हे वाचलं आणि माणूस समोर दिसला. ज्याने टक् आवाज लिहून ठेवला त्याने गाडी दुर्लक्षून चालवली नसेल.

होटगी रोड साहेब, तुमच्या झिजण्याच्या मुद्द्यावर एक हिशोब मांडतो. मुंबईच्या गर्दीत सरासरी १५ चा वेग धरला तर १९ हजार किलोमीटरला साधारण १,२७० तास इंजिन चालू होतं. हैदराबादवाला शनिवार-रविवार हायवेवरच काढायचा. त्याची सरासरी ५० धरली तर ६८ हजारांना १,३६० तास. म्हणजे इंजिन दोघींचं जवळपास सारखंच चाललंय. एकीचं सिग्नलवर तापत, दुसरीचं मोकळ्या हवेत.

होटगी रोड

हिशोब चांगला आहे, पण १५ आणि ५० हे आकडे तुम्हीच धरलेत. मुंबईचा मालकही रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर काढत असेल. त्याची सरासरी ४० धरली तर तास पावणेपाचशे होतात. मग काय म्हणाल?

आणि तास इंजिनाचे. चाकाखाली जे आहे ते किलोमीटरच मोजतं. हैदराबादपासून इथपर्यंतचा हायवे चांगला, पण गाडी शेवटी आपल्याकडे राहायची आहे. विजापूर रोडचे स्पीडब्रेकर, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते, एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंश. ६८ हजारांचे बुश इथे किती टिकतील? ही गाडी जमिनीला पोट लावून चालते.

टक् आवाजाची चिठ्ठी मलाही आवडली, तेवढं कबूल करतो. पण वहीत वर्षं सलग लागली का? "बहुतेक ठिकाणी" असं लिहिलंय तुम्ही.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड

बरोबर पकडलंत. सलग नाहीत. फेब्रुवारी २०२० नंतर थेट एप्रिल २०२२ चं बिल आहे. सव्वीस महिने काहीच नाही. मीटर मात्र फक्त १,१०० किमी पुढे गेलंय. मागाबद्दल जे वर लिहिलं तेच इथे झालं असणार, गाडी उभी होती. काल हे मी लिहायला हवं होतं, लिहिलं नाही.

मालकाला फोन केला. म्हणाले, कोविडमध्ये हॉस्पिटलातून घरी यायचीच वेळ नव्हती, गाडीकडे कोण बघणार. पुढे २०२२ मध्ये बॅटरी, सगळी ऑइलं आणि चार टायर एकदम केले. ते बिल फाईलमध्ये आहे. कन्ना चौक ताई, तुम्ही म्हणता तसा त्या वर्षी पॉलिसीत खंड पडला होता, आणि पाहणीच्या फोटोतला मीटरचा आकडा बिलाशी जुळतोय. तुमच्यामुळे कळलं, आभार.

मुंबईवाल्याकडे २०१७ नंतरचं मागितलं तर म्हणाले, "गाडी चाललीच नाही तर सर्व्हिस कशाला?" हैदराबादला सव्वीस महिन्यांची भोकं आहेत, पण त्यांचं कारण आणि पुढची दुरुस्ती दोन्ही मला दिसतात. इथे एवढ्या वर्षांचं भोक आहे आणि विकणाऱ्याला त्यात काही चुकलंय असंच वाटत नाही. खरं सांगायचं तर किलोमीटरपेक्षा मला त्या उत्तराची भीती वाटली.

स्पॅनर एमएच १३

ते उत्तर मी महिन्यातून एकदा तरी ऐकतो. एका आडत्याची गाडी होती, घर ते दुकान दीड किलोमीटर, रोज तेवढीच. चार वर्षांत सात हजार चालली. ऑइल कॅप उघडली तर आतून पिवळट साय धरलेली, ताकावरच्या लोण्यासारखी. इंजिन कधी पूर्ण तापलंच नव्हतं, पाणी ऑइलमध्येच राहिलं. मुंबईवालीची कॅप उघडलीत का? नसेल तर उघडायला सांगा आणि फोटो इथे टाका. ती स्वच्छ निघाली तर मी होटगी रोड साहेबांच्या बाजूने एक पाऊल येईन. कारण त्या गाडीवर लाखभर खर्च करून ती उत्तम होऊ शकते, हेही खरं. फक्त तो खर्च मागणीतून वजा व्हायला हवा, वर चढवून नव्हे.

हैदराबादला जाणार असाल तर मी येतो. तीनशे किलोमीटर आहे, पहाटे निघू. गाडी थंड असतानाच सुरू करायची, त्यांना आधी गरम करू देऊ नका. छप्पर तीनदा उघड-बंद करायचं. लिफ्टवर घेऊन फिल्टर हाउसिंगखाली ओल आहे का बघायचं. गिअरबॉक्सचं ऑइल बदललेलं तुम्ही लिहिलेल्यात दिसलं नाही मला, ते विचारा.

कन्ना चौक

आणि मालक, परराज्यातली गाडी आहे. तेलंगणाची एनओसी, इथला रोड टॅक्स, एमएच १३ चं नवं पासिंग हे सगळं किमतीत धरा. शिवाय १५ वर्षांची नोंदणी संपली की फिटनेस करून नूतनीकरण लागतं, आणि हैदराबादवाली त्यात एक वर्ष आधी येते.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड

धरलंय. सगळं मिळून दोघींतला फरक साडेतीनवरून दीड-दोन लाखांवर येतो. तरीही शुक्रवारी पहाटे साडेचारला निघतोय. मामा, सात रस्त्याला घ्यायला येतो. गिअरबॉक्सच्या ऑइलचं विचारलं, बदललेलं नाही म्हणाले, सरळ सांगितलं. मुंबईच्या कॅपचा फोटो मागितलाय, आला की टाकतो.

होटगी रोड

माझं मत बदललेलं नाही. माझे पैसे असते तर मुंबईचीच घेतली असती, पण आधी तुमच्या मामांना तिच्याखाली झोपवलं असतं.

शुक्रवारी सहाही सिलिंडरचं कम्प्रेशन (आत हवा किती दाबली जाते ते) मोजून घ्या. एकूण किती आलं ते नको, सहा वेगवेगळे आकडे इथे लिहा. त्या आकड्यांत मोठा फरक पडला तर फाईल कितीही सुंदर असो, मी परत बोलणार आहे.