तेल कायद्यातल्या बदलाला हरकत घ्यायची कुठे?

मोरजीवाली: दर वर्षी पावसाच्या तोंडावर आमच्या गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर तेलाचे काळे गोळे येतात, परवा लेकीच्या तळव्याला चिकटलेला गोळा खोबरेल चोळचोळून काढला तरी डाग गेला नाही, आणि आता ऐकते २०२५ मध्ये तेल-वायू काढण्याबद्दलचा ऑइलफिल्ड्स कायदा बदलला, नियम मोडला तरी तुरुंग नाही म्हणे. खरं आहे का?

रापणकाराचा मुलगा: खरं आहे ताई. १९४८ च्या कायद्यात सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड होता, आता कैद गेली, दंड २५ लाखांपर्यंत. हजार रुपये म्हणजे काहीच नव्हते हे मान्य, पण तेल कंपनीला २५ लाख म्हणजे तरी काय हो? आणि दंड ठरवणार केंद्राने नेमलेला अधिकारी.

दोनापावलचा: मला त्याहून केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची जानेवारी २०२० ची अधिसूचना टोचते. तेल शोधायच्या ड्रिलिंगला पर्यावरण परवानगीच्या बी-२ गटात टाकलं, म्हणजे जनसुनावणीच नाही, मग हरकत घेणार कुठे! गोळे टँकर जहाजांतून सांडलेल्या तेलाचेही असतात, पण एनआयओच्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या) अभ्यासात मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राकडेही बोट दाखवलंय.

मोरजीवाली: म्हणजे आम्हाला विचारायचंच नाही? ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात ती वाळू आहे ही, आमच्या लोकांनी रात्री जागून घरटी राखलीत.

रापणकाराचा मुलगा: पुढच्या ग्रामसभेत जनसुनावणी परत आणा असा ठराव मांडा, प्रत दोन्ही खासदारांना पाठवू. लेकीच्या पायाचा फोटो आहे ना? तो जोडा.