घरचं जेवतो म्हणून आपण निरोगी, हे किती दिवस म्हणायचं?

नीराकाठ

माझ्या भावाला अडतिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. दारू नाही, तंबाखू नाही, वजन 64 किलो. घरात सगळ्यांचं एकच, "अहो, तो तर रोज घरचा डबा खातो!" तेव्हापासून मी त्या डब्याकडे नीट बघतोय. चार पोळ्या, बटाट्याची भाजी, भात, पातळ वरण. काकडीच्या दोन फोडी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या मधुमेहाच्या पाहणीचे आकडे 2023 मध्ये आले. देशात 10.1 कोटी मधुमेही, आणखी 13.6 कोटी त्या वाटेवर. गोव्यात प्रमाण 26.4 टक्के, देशात सर्वांत जास्त. 2025 मध्ये त्याच पाहणीतून आपल्या खाण्याचा हिशेब आला : 62 टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून, प्रथिनांतून जेमतेम 12.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये माणशी दिवसाचं 2000 कॅलरीचं ताट सांगितलं. त्यात धान्य 250 ग्रॅम, डाळी 85, भाज्या 400 आणि तेल-तूप 27 ग्रॅम. म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला तेल-तूप सव्वातीन किलो. आमच्याकडे पाच लिटरचा डबा पंचवीस तारखेलाच संपतो. पिझ्झा-बर्गरला नावं ठेवून हे सुटणार नाही. खोट रोजच्या ताटात आहे, असं माझं ठाम मत.

कोरडवाहू

भावाचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही ज्याला आपलं ताट म्हणता, ते आमचं नव्हतंच. मी साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातला. आजीच्या घरात ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याचं म्हणजे कुळथाचं माडगं, ताक, पावसाळ्यात घोळ, तांदुळजा, पाथरी अशा पालेभाज्या. पोळी सणाला, भात पाहुणा आला तर.

हे कुणी आवडीने सोडलं नाही. रेशनवर गहू-तांदूळ आला. जिथे पाणी पोहोचलं तिथे ऊस आला. ज्वारी काढायला माणूस मिळेना आणि पिकवली तर भाव मिळेना. हुलगा तर गरिबाचं खाणं म्हणून लोक सांगायलाही लाजायला लागले. जे मोडलं त्याचा दोष परंपरेवर का टाकता? आहाराच्या सवयी बाजार आणि धोरणं ठरवतात, आणि नंतर डॉक्टर माणसाला रागावतात.

नीराकाठ

ऊस आणि रेशनबद्दल मान्य. पण भाकरीही पिष्टमयच आहे, दादा. आजी दिवसभर खुरपत होत्या म्हणून तीन भाकरी पचत होत्या. मी तेवढ्याच खाऊन नऊ तास खुर्चीत बसतो. शिवाय पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून गरोदर बाया आणि त्यांची बाळं अभ्यासली. बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली 3.5 किलोची. तरी आपल्या लहानखुऱ्या बाळांच्या अंगावर चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. गावातल्या, शेतात राबणाऱ्या घरांतली ही बाळं. मग जुनं सगळं बरंच होतं, हे कसं म्हणायचं?

उंबरठा

ती बाळं लहान का, याचं उत्तर त्यांच्या आयांच्या ताटात आहे. त्या शेवटी जेवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आहे आणि 24 टक्के स्त्रियांचं वजन जास्त आहे. मला दोन्ही आहे. उरलेला भात टाकवत नाही म्हणून खायचा आणि भाजी संपली म्हणून लोणच्याशी खायचा.

व्यायामाचं बोलायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अंदाजात भारतातल्या 57 टक्के बायका पुरेशी हालचाल करत नाहीत, पुरुष 42 टक्के. मी सव्वापाचला उठते, तीन डबे भरते, बदलापूरहून लोकल पकडते, परतायला आठ. फूटपाथवर गाड्या लावलेल्या. अंधारात एकटी चालायला निघाले की घरातून दोनदा फोन. "घरकाम काय कमी व्यायाम आहे?" हे ऐकून ऐकून मी थकले आहे. ओट्यापाशी उभं राहून पाय सुजतात, दम वाढत नाही.

नागोयाहून

ताईंशी पूर्ण सहमत. नऊ वर्षं जपानमध्ये आहे. इथले लोक शिस्तीचे म्हणून सडपातळ, असं आपल्याकडे म्हणतात. मला ते पटत नाही. इथे गाडी नोंदवण्याआधी ती ठेवायला जागा आहे हे दाखवावं लागतं, म्हणून मी चालतो. 2008 पासून 40 ते 74 वयाच्या लोकांची दरवर्षी कंबर मोजतात. पुरुषांची मर्यादा 85 सेंटिमीटर. माझी 89 भरली, तर आहारतज्ज्ञाने बसवून सगळं विचारलं. शाळेतल्या जेवणाचा कायदा 1954 चा आहे. मुलगी वर्गात इतरांना वाढते आणि सगळ्यांसोबत तेच जेवते. मीठ मात्र इथे फार खातात, दिवसाला 10 ग्रॅमच्या आसपास, हेही सांगितलं पाहिजे.

कोरडवाहू

शाळेचं काढलंत म्हणून सांगतो. आपल्याकडे 2023 च्या शेवटी पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने त्याचे पैसे थांबवले आणि लोकवर्गणीतून करा म्हणाले. आमच्या वाडीत वर्गणी कोण देणार? अंड्याच्या दिवशी न चुकता येणारी पोरं मी पाहिली आहेत. नीराकाठ, तुमच्या भावाने चार पोळ्यांच्या दोन केल्या तर त्याचं भलं होईल. देशाचं होणार नाही.

नीराकाठ

अंड्याचं वाचून राग आला, ते परत सुरू झालंच पाहिजे. तरी सरकार बदलेपर्यंत भावाची साखर थांबणार नाही. त्याने चार पोळ्यांच्या दोन केल्या, मोडाची मटकी वाटीभर, भाज्या दोन, रात्री जेवल्यावर वीस मिनिटं चालणं. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 8.1 वरून 6.9 वर आली आहे.

उंबरठा

मनापासून बरं वाटलं. एक विचारू? भाऊ चालायला जातात तेव्हा वहिनी कुठे असतात?

नीराकाठ

ओटा आवरत असते. तिची साखर आम्ही अजून तपासलेलीच नाही.