मदत हवी आहे : डेस्कटॉप सुरू होत नाही, पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबतो

पावतीबुक
मंडळी, गणपती तोंडावर आलेत आणि नेमकी आत्ताच माझ्या डेस्कटॉपने मान टाकली आहे. कुडाळला डीटीपीचं छोटं काम करतो. पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका, दशावताराची हँडबिलं, असलं सगळं. फोनवरून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मशीन जुनं आहे. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, एच६१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर-थ्री रॅमच्या दोन पट्ट्या, एक एसएसडी, एक जुनी हार्ड डिस्क, विंडोज ७. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबरच आलेला, त्यावर ४५० वॉट लिहिलंय.

बटण दाबलं की प्रोसेसरचा पंखा अर्धी गिरकी घेतो आणि थांबतो. बीप नाही, मॉनिटरवर 'नो सिग्नल'. लगेच पुन्हा दाबलं तर ढिम्म. मागची वायर काढून परत लावली की पुन्हा तीच अर्धी गिरकी. पाऊस लागल्यापासून सकाळी हा प्रकार व्हायचाच, पण भिंतीवरचं बटण चालू ठेवून चहा-नाश्ता उरकून आलो की मशीन गुमान सुरू व्हायचं. आता तेवढंही नाही.

रॅम काढून खोडरबराने पुसली, एकेक पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये लावून पाहिली. पॉवर केबल बदलली. यूपीएस बाजूला काढून थेट सॉकेटला लावलं. इथल्या दुरुस्तीवाल्याने दोनदा बटण दाबलं आणि "मदरबोर्ड गेला, नवीन सेट घ्या" म्हणून मोकळा झाला.

नवीन घ्यायला ना नाही. पण सगळं काम पेजमेकर ७ मध्ये, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये, परवान्याचं डोंगल लावून चालतं. ते नव्या मशीनवर बसवेपर्यंत विसर्जन होऊन जाईल. खरंच मदरबोर्डच असेल का?

रात्रपाळी
पेजमेकर ७ म्हणजे २००१ सालचं सॉफ्टवेअर! अहो, युनिकोडवर या आता.
बाकी, बोर्डावरचा नाण्यासारखा सेल काढा, पाच मिनिटांनी परत लावा. बायोस, म्हणजे बोर्डाची मूळ सेटिंग, रिसेट होतं. आमच्या ऑफिसात अशाने एक मशीन उठलं होतं.

पावतीबुक
@रात्रपाळी, प्रेसवाल्याची जुनी सेटिंग, गिऱ्हाइकांच्या जुन्या फायली, सगळं त्याच फॉन्टमध्ये आहे. युनिकोडचं दिवाळीनंतर बघू. सेल काढून लावला, फरक शून्य.

सोल्डरवाला
मदरबोर्डवर एवढ्यात फुली मारू नका. तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट फार बोलकी आहे : वीज चालू ठेवून थोडा वेळ गेला की मशीन सुरू व्हायचं. हे एसएमपीएसमधले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) सुकल्याचं लक्षण आहे. जुन्या स्कूटरला गार सकाळी दहा किका लागतात, त्यातला प्रकार.

मशीन 'बंद' असतानाही एसएमपीएसचा एक छोटा भाग जागा असतो. तो ५ व्होल्ट स्टँडबाय देत राहतो, आणि बटणाचा इशारा ओळखणारं बोर्डावरचं सर्किट त्याच्यावर चालतं. त्या भागातले कपॅसिटर वर्षानुवर्षं गरम राहून सुकतात. गार असताना त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज खाली बसतं, जरा उबेला आले की काम करतात. तुम्ही रात्री भिंतीवरचं बटण बंद करत असणार, म्हणून सकाळी नाटकं.

पुढचं क्रमाने करा.
आधी फ्रंट पॅनलचं बटणच अडकत नाही ना ते बघा. बोर्डाच्या कोपऱ्यातल्या पिनांवरून पॉवर स्विच आणि रिसेट, दोन्ही वायरी काढा आणि पॉवरच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. मग हार्ड डिस्क, एसएसडी, यूएसबीचं सगळं काढून फक्त प्रोसेसर, पंखा आणि एक रॅम ठेवून पाहा. प्रोसेसरजवळचा ४ पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर नीट बसलाय का तेही बघा.
तरी तसंच असेल तर मल्टीमीटर मिळवा. डीसी २० व्होल्टवर ठेवा. २४ पिनांचा मोठा कनेक्टर बोर्डाला लावलेलाच राहू द्या, काळी प्रोब काळ्या वायरच्या खोबणीत, लाल प्रोब जांभळ्या वायरच्या खोबणीत मागून घाला. मशीन बंद, भिंतीवरचं बटण चालू. ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये आकडा हवा.

आणि एसएमपीएसचं झाकण उघडायचं नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो.

घाटमाथा
एवढी भानगड कशाला? हिरवी वायर काळीला यू-पिनने जोडा. एसएमपीएसचा पंखा फिरला की एसएमपीएस ठीक, मग बोर्ड गेला म्हणायचा.

सोल्डरवाला
@घाटमाथा, ही टेस्ट अर्धवट आहे. पंखा न फिरला तर एसएमपीएस गेला हे बहुधा खरं. पण फिरला म्हणून तो चांगला, असं नाही. लोडशिवाय पंखा फिरवणं आणि बोर्ड उचलणं यात फरक आहे. निम्मे 'मदरबोर्ड गेले' या यू-पिनवरच जातात. करायचीच तर कनेक्टर बोर्डापासून काढून करा.

तारकर्ली_वारा
कुडाळात खंय रवतास? माझ्याकडे एक चालू एसएमपीएस घरात पडान आसा. लावन बघूक व्हयो तर येवन घेवन जावा. मीटर लावन बसण्यापरास ह्या बरा.

कागदकात्री
काहीही करण्याआधी फायली वाचवा. एसएसडी आणि हार्ड डिस्क काढून यूएसबी-साटा केबलने कोणाच्याही लॅपटॉपला लावा, पेजमेकरच्या फायलींबरोबर विंडोजचं फॉन्ट्स फोल्डरही उतरवून घ्या. फॉन्ट नसेल तर ती फाईल उघडूनही अगम्य चिन्हांची रांगोळीच दिसते. आम्ही सोसलंय.

पावतीबुक
अपडेट. शेजारच्या वायरमनकडून मीटर आणला. जांभळ्यावर ४.१ दाखवतो आणि बटण दाबल्याबरोबर ३ च्याही खाली जातो. बटणाच्या वायरी काढून पिना जोडल्या, तरी तेच.
@तारकर्ली_वारा, देव बरे करो. व्यनि (खाजगी निरोप) केलाय, संध्याकाळी येतो.
@कागदकात्री, भाच्याच्या लॅपटॉपवर सगळं उतरवलं.

सोल्डरवाला
४.१ म्हणजे एसएमपीएसवरचा संशय बळावला. पण बोर्ड शंभर टक्के ठीक आहे असं लगेच म्हणणार नाही, कारण बोर्डावरचं शॉर्टसुद्धा व्होल्टेज खाली ओढू शकतं. दुसरा एसएमपीएस लावला की कळेल.

पावतीबुक
सुरू झालं!! पंखा फिरला, एक बीप आला, स्क्रीन आली. पण आनंद दोन मिनिटं टिकला. विंडोजचा लोगो येतो, निळी स्क्रीन झळकते आणि मशीन रिस्टार्ट. खाली ०x००००००७बी असं काहीतरी दिसतं. बायोसमध्ये तारीख १ जानेवारी २०१२. एसएसडी पण गेली का आता?

रात्रपाळी
विंडोज पुन्हा टाका.

सोल्डरवाला
अजिबात टाकू नका! एसएसडी ठणठणीत असणार, परवाच लॅपटॉपवर त्यातून फायली उतरवल्यात ना. सेल काढल्यामुळे बायोस कारखान्याच्या सेटिंगवर गेलं. या काळातल्या पुष्कळ बोर्डांवर साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) तिथे जुना आयडीई असतो, आणि तुमचं विंडोज नव्या एएचसीआयवर टाकलेलं असणार. बूट डिस्क न सापडल्याची खूण म्हणजे हा ७बी. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय करा, बूटमध्ये एसएसडी पहिली ठेवा, तारीख-वेळ भरा, एफ१० दाबा.

सेलही बदलून टाका, सीआर२०३२, घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळतो. तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणत बसतो.

पावतीबुक
एएचसीआय केलं आणि थेट डेस्कटॉप! डोंगल ओळखलं, पेजमेकर उघडलं, आरतीच्या पुस्तकाची पानं जशीच्या तशी. सेल जुना २.४ व्होल्ट दाखवत होता, नवा टाकला. सोल्डरवाला, तुमच्यासाठी एक आरतीसंग्रह राखून ठेवतो.
आता नवीन एसएमपीएस कुठला घेऊ? दुकानात ५०० वॉटचे सातशे रुपयांतही आहेत.

सोल्डरवाला
सातशेवाला घेऊ नका. स्टिकरवर ५०० कोणीही छापतं. तुमचं मशीन ग्राफिक्स कार्डाशिवाय १०० वॉटच्या आसपासच खात असेल, त्यामुळे मोठा आकडा नकोच. ८० प्लसची (कमी वीज वाया घालवण्याची) खूण असलेला, नामांकित कंपनीचा ४०० ते ४५० वॉटचा बघा. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत अँपिअर किती ते वाचा. १२ ने गुणल्यावर एकूण वॉटच्या जवळपास जात असेल तर माल खरा. आणि अर्थिंग तपासा. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी वायरमनला गाठा.

तारकर्ली_वारा
घाई नको. चवथ जाव दे, मगे परत करा. माका आत्ता लागना नाय.

पावतीबुक
मुंग्या येतात खऱ्या, पावसात जास्तच. वायरमनला उद्या बोलावलंय. एसएमपीएस कणकवलीहून मागवलाय. आला की बसवून इथे आकडे टाकतो.