मदत हवी आहे: कॉलेज ग्रंथालयाचं मासिक वार्तापत्र कुणी उघडतच नाही

गोदाकाठची
नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी ग्रंथालय सहायक आहे. कला, वाणिज्य, विज्ञान, तिन्ही शाखा. जूनअखेरीस प्राचार्यांच्या मनात आलं की ग्रंथालयाने दर महिन्याला वार्तापत्र काढावं, आणि ते माझ्या गळ्यात पडलं. ग्रंथपाल मॅडम नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली आणि विक्रेत्यांची बिलं यांतून मान वर काढू शकत नाहीत, त्यामुळे त्यांना काही म्हणत नाही.

तीन अंक काढून झाले. चार पानी पीडीएफ. पहिल्या पानावर प्राचार्यांचं मनोगत (हे टळत नाही), मग नव्या पुस्तकांची यादी, मग एन-लिस्ट (कॉलेजांसाठीची ई-पुस्तकं, ई-नियतकालिकं), शोधगंगा (पीएच.डी.चे प्रबंध), नॅशनल डिजिटल लायब्ररी, स्वयं (ऑनलाइन अभ्यासक्रम) वगैरेंच्या लिंका, शेवटी वेळा आणि दंडाचे नियम. वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. दोन अंगठे येतात, त्यातला एक आमच्या शिपाईदादांचा.

यादी मी दाखल नोंदवहीतून जशीच्या तशी उचलते: दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत. सप्टेंबरच्या अंकात 64 पुस्तकं होती. आणि ती वाचून एस.वाय.ची एक मुलगी खरंच आली! मोबाइलवर यादीतल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, हे द्या ना." सोलमध्ये (ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये) शोधलं, नोंद होती. पुस्तक मात्र आतल्या खोलीत खोक्यात. शिक्का मारलेला, पण वर्गांक (विषयानुसार रॅकवरची जागा सांगणारा आकडा) पडायचा होता, पाठीवर लेबल नव्हतं. "पुढच्या आठवड्यात ये," म्हटलं. ती काही परत आली नाही. तीन अंकांनी मिळून एक वाचक आणला आणि तो मी काउंटरवरून परत पाठवला.

काय छापू, काय गाळू? आणि मुळात पीडीएफच काढायची का? पुढचा अंक ऑक्टोबरचा आहे.

निवृत्त_ग्रंथपाल
ताई, त्या मुलीच्या बाबतीत चूक यादीची आहे. दाखल नोंदवही ऑडिटसाठी असते, तीत पुस्तक बिल आल्याबरोबर चढतं. तिथून रॅकपर्यंत आमच्या वेळी महिना-महिना जायचा. म्हणून यादी नोंदवहीतून घेऊच नका. लेबल चिकटवून जे पुस्तक देवघेवीला बाहेर आलं तेवढंच छापा. 64 ऐवजी 12 झाली तरी चालेल.

किंमत आणि दाखल क्रमांक काढून टाका, विद्यार्थ्याला त्यांचा उपयोग शून्य. वर्गांक ठेवा, पण 891.461 असं नुसतं लिहून पोराला काय कळणार? "मराठी कविता, खिडकीकडचं तिसरं रॅक" असं लिहा. आणि खोक्यातलं पुस्तक कुणी मागितलंच तर वहीत नाव लिहून घ्या, त्याच दिवशी वर्गांक द्या, फोन करून बोलवा. एका पुस्तकाला दहा मिनिटं लागतात.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यांतलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याचं. 12 ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, फोटोला हार घालताना आपण सगळे ते म्हणतो, नंतर "पुढच्या आठवड्यात ये".

कोहावाली
काकांशी सहमत. आता लिंकांबद्दल. दहा लिंका दिल्या की मूल एकही उघडत नाही. एका अंकात एकच साधन घ्या आणि ते वापरून दाखवा.

उदा. शोधगंगा. "येथे प्रबंध उपलब्ध आहेत" या वाक्याने कुणी हलत नाही. आपल्याकडचा विषय घ्या: कांदा, द्राक्षं, आदिवासी शिक्षण. शोधून जो प्रबंध सापडेल त्याचा स्क्रीनशॉट टाका. बहुतेक मुलांना वाटतं की 300 पानांची एकच फाइल उतरवावी लागते. प्रत्यक्षात प्रकरणं वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात, संदर्भसूचीसुद्धा वेगळी. प्रकल्प करणाऱ्याने नुसती संदर्भसूची उघडली तरी आठवड्याचं काम होतं. मराठीतले प्रबंधही आहेत, हे ठळक छापा.

एन-लिस्टचं आमच्याकडचं दुखणं वेगळं होतं. खाती आपणच तयार करतो, आयडी-पासवर्ड मुलांच्या ईमेलवर जातो, आणि मुलं ईमेल बघत नाहीत. स्पॅममध्ये पडून राहतो. मी एक दुपार संगणकासमोर बसून एकेकाचं लॉगिन करून घेतलं. वार्तापत्रात फक्त एवढंच छापलं होतं: "बुधवारी दोन ते चार, मोबाइल घेऊन या."

टीवायचा_पोरगा
विद्यार्थी म्हणून सांगतो, राग मानू नका. चार पानी पीडीएफवर मनोगत दिसलं की आम्ही बंद करतो. जुन्या प्रश्नपत्रिका कुठे मिळतील ते आधी सांगा. आणि मुखपृष्ठाचा फोटो टाका. नावावरून कळत नाही पुस्तक जाड आहे की बारीक 😅

प्राध्यापक_सिन्नरकर
वन नेशन वन सबस्क्रिप्शनही टाका की! एवढी नियतकालिकं फुकट मिळताहेत.

कोहावाली
सर, जरा थांबा. केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी, हे बरोबर. पण ती योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आखलेली आहे. ताईंचं कॉलेज लाभार्थी यादीत आहे का ते आधी बघायला हवं. नाहीतर मुलं क्लिक करणार, समोर पैसे मागणारं पान येणार, आणि खोक्यातल्या पुस्तकाचीच गोष्ट पुन्हा.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार. काल खोकी उघडली. 64 पैकी 23च बाहेर जाण्याजोगी निघाली, लाज वाटली. ती 23 दारासमोरच्या टेबलावर उभी मांडली आणि मुखपृष्ठांचे फोटो काढले. या वेळी पीडीएफ नाही, दोन चित्रं: एकात पुस्तकं आणि रॅक, दुसऱ्यात शोधगंगा. प्रश्नपत्रिकांची फाइल कोणत्या कपाटात आहे ते पहिल्याच ओळीत. अंक 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनालाच काढते, म्हणजे कार्यक्रमाला आलेली मुलं टेबलापाशी थांबतील.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादीही करून पाहिली, पण ती 256 जणांपुरतीच, आणि ज्यांनी माझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश जातो. तेव्हा जिन्याच्या वळणावर एक छापील प्रत.

त्या मुलीचं पुस्तक आता तयार आहे. तिच्या वर्गशिक्षकांकडे निरोप दिलाय.

एकच अडचण उरली. प्राचार्यांच्या मनोगताचं काय करू?

निवृत्त_ग्रंथपाल
जिन्यावरच्या प्रतीत सगळ्यात वर, फोटोसकट. सर रोज तिथूनच जातात. मोबाइलवरच्या चित्रांत नको.