कंत्राटी पॅकिंगच्या लाइनसाठी इंकजेट कोडिंग यंत्र कोणते घ्यावे?

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत आम्ही इतर कंपन्यांसाठी मसाल्याचे पाउच, तेलाच्या बाटल्या आणि पुठ्ठ्याची खोकी भरून देतो. बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि एमआरपी छापण्यासाठी एकच यंत्र सगळीकडे चालेल का?

उत्तर १: पाउच आणि बाटल्यांसाठी सीआयजे (कंटिन्युअस इंकजेट, म्हणजे शाईच्या थेंबांची सतत धार सोडणारे यंत्र) घ्यावे, कारण त्याची एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) या झटकन उडून जाणाऱ्या द्रावकावर आधारित शाई प्लॅस्टिकवर एक-दोन सेकंदांत वाळते आणि प्रिंटहेड पृष्ठभागापासून थोडे दूर असले तरी अक्षर नीट उमटते. मात्र शाईबरोबर मेकअप द्रवाचा (उडून गेलेल्या द्रावकाची भरपाई करून शाई पातळ ठेवणारा द्रव) खर्च सतत चालू राहतो, आणि त्याच्या वाफांसाठी हवा खेळती हवीच; कामगारांच्या आरोग्याची ही बाब कृपया दुय्यम मानू नये.

उत्तर २: खोक्यांसाठी टीआयजे (थर्मल इंकजेट, म्हणजे उष्णतेने शाईचे थेंब फेकणारे, कार्ट्रिजवर चालणारे यंत्र) बरे. कार्ट्रिज बदलले की नोझलही नवे मिळते आणि छपाई सुबक येते. परंतु एका हेडची छपाई-उंची साधारण 12.7 मिमीच असते आणि हेड खोक्याच्या अगदी जवळ ठेवावे लागते. बाटलीच्या गोलाईवर ते म्हणूनच अडते.

प्रश्नकर्ता: बाटलीवर तेलाचा ओघळ असेल तर?

उत्तर १: साधी शाई धरत नाही. कोडिंग तेल भरण्याआधी करावे, आणि खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून आपल्याच बाटल्यांवर व पाउचवर नमुने छापून घेऊन ते दुसऱ्या दिवशी बोटाने घासून पाहावेत.